तोंडबंद आठवडा

टेकडी आणि पूल हे दोन फुटबॉल क्लब एक झाले त्याची कारणं लोक आपापल्या परीने सांगतात. खेळायला माणसं उरली नाहीत म्हणून, मैदानाचं भाडं परवडेना म्हणून, तरुण पोरं पोटामागे बाहेर गेली म्हणून. यातलं खोटं काहीच नाही. पण ही कारणं कितीतरी वर्षं होतीच, आणि ती असतानाच दोन्ही क्लब एकमेकांना पाण्यात पाहत होते. क्लब एक झाले ते एका बाईच्या बोलण्यामुळे. ती टेकडीची सून आणि पुलाची लेक.

तिचे सासरे शिंपी. चढावरच्या रस्त्याला त्यांचं दुकान, दाराशी मशीन, मागे कापड कापायचं लांब टेबल. टेकडी क्लबच्या लाल जर्सी त्यांच्याच हातच्या, आणि क्लबही त्यांच्याच हातचा म्हणायला हरकत नाही. संघ निवडणं, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणं, हरल्यावर पोरांना सोलून काढणं, सगळं तेच करत. तिचे वडील बेकरीवाले. उताराच्या खाली पुलाच्या तोंडाशी त्यांची बेकरी. पूल क्लबच्या सभा भट्टीशेजारच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांवर बसून होत, म्हणून पुलाची माणसं सभेहून निघाली की मागून पांढरी दिसत. टेकडीवाले त्यांना 'पिठातले किडे' म्हणत. पूलवाले टेकडीला 'चिंध्या' म्हणत.

अशा दोन घरांत सोयरीक जुळली ती पोरांनीच परस्पर जुळवली म्हणून. दोन्ही बापांनी चारचौघांत सांगितलं, पोरांच्या सुखापुढे क्लबचं काय एवढं. घरी आल्यावर मात्र बेकरीवाले बराच वेळ गप्प बसून होते. मग बायकोला म्हणाले, "काही असो, त्यांचा गोलकीपर आपला जावई झाला." आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

जावयाला सगळे 'कुलूप' म्हणत. गोलमध्ये तो उभा राहिला की दार लागलंच समजायचं. एरवी तो काचेच्या दुकानात कामाला होता. मोठ्या टेबलावर काच आडवी ठेवायची, पट्टी धरून हिऱ्याची कलम एकदाच ओढायची, मग रेषेखाली हलकेच ठोकायचं, की काच पाव मोडावा तशी सरळ मोडते. कलम दुसऱ्यांदा फिरवली तर काच वाकडीतिकडी फुटते. त्याचा हात कधी दुसऱ्यांदा फिरला नव्हता. बोलायला कमी, घरी आला की बोटांत अडकलेले काचेचे कण चिमट्याने काढत बसायचा, आणि ती दिवा जवळ धरायची. तिला तो आवडायचा. हे लिहिण्याची गरज नाही, पण पुढचं समजायला ते माहीत असलेलं बरं.

लग्नानंतर काही वर्षांत दोन्ही क्लबांना ओहोटी लागली. पुलाचा गोलकीपर नळकाम करायचा. तो परदेशात कामाला गेला आणि त्याच्या जागी उभं राहायला कोणी मिळेना. टेकडीचे सामने शनिवारी, पुलाचे रविवारी. बेकरीवाल्यांनी एकदा जावयाला बाजूला घेतलं आणि विचारलं की रविवारी येशील का, लीगचं फोटोचं कार्ड त्या नळवाल्याचं आहेच, दाढी वाढवलीस की झालं. सासऱ्याला नाही कसं म्हणणार. लीगचा नियम असा, की एकाचं कार्ड दुसऱ्याने वापरलं तर क्लबच बाद. त्यामुळे ही गोष्ट कोणी तोंडाने बोलायचं नाही असं ठरलं. शिंप्यांना ती कळली होती. कळली नाही असं दाखवण्याचा मोबदला म्हणून दर आठवड्याला बेकरीतून ताजे पाव वर येऊ लागले, आणि शिंपी ते खाऊ लागले. खोट्याची एक गंमत असते, ते देव माणसाला लगेच भोगायला लावत नाही. आधी सांभाळायला लावतो.

पण खरा घात केला तो दुसऱ्याच एका जुन्या रिवाजाने.

टेकडी आणि पूल यांचा आपसातला सामना वर्षातून एकदाच व्हायचा. त्याच्या आधीच्या आठवड्याला दोन्हीकडे 'तोंडबंद आठवडा' म्हणत. त्या आठवड्यात आपल्यातल्या कोणाला काय लागलंय, कोण लंगडतोय, कोणाला ताप आहे, हे दुसऱ्या बाजूला कळू द्यायचं नाही. गुडघा सुजलेला माणूसही बाजारातून ताठ चालत जायचा. पूर्वी एकदा, बेकरीवाले स्वतः खेळायचे तेव्हा, बरगडीला चीर पडलेली असताना त्यांनी शिंप्यांच्या दुकानासमोरून मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या होत्या. पोतं रिकामं होतं, आत कागद भरले होते. शिंप्यांनी ते ओळखलं आणि मुद्दाम हाक मारली, "अहो, जरा टेका की पोतं, चहा घेऊ." बेकरीवाले म्हणाले, "तुमच्या चहात साखर कमी असते," आणि घाम पुसत पुढे गेले. हा किस्सा दोन्हीकडे वर्षानुवर्षं रंगवून सांगितला जाई. घरातसुद्धा आठवडा पाळला जायचा. सुनेच्या देखत सासरे संघाचा विषय काढायचे नाहीत. तिला त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी तोंडबंद आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, शनिवारी, टेकडीचा सामना होता. कॉर्नरवर चेंडू पकडायला कुलूप खाली झेपावला आणि एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला. रेफ्रीने विचारलं तर ठीक आहे म्हणून मान हलवली. सामना संपेपर्यंत उभा राहिला. नंतर कपडे बदलायच्या खोलीमागे भिंतीला हात टेकून ओकला. शिंप्यांनी ते पाहिलं. त्यांनी त्याला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, घरी जाऊन अंधारात पडून राहा म्हणाले. आणि म्हणाले, "घरात बोलू नकोस. बायको तिकडची आहे तुझी."

तो घरी आला, डोकं जड आहे म्हणाला आणि झोपला. तिने कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता.

रविवारी सकाळी बेकरीवाल्यांचा फोन आला. शिंपी त्या दिवशी शाळेचे गणवेश पोचवायला दुसऱ्या गावी गेले होते, ते घरी असते तर अडवलं असतं. जावयाने नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर टेकडीचा गोलकीपर दुखावलाय ही बातमी ऐन आठवड्यात पुलाला मिळाली असती. त्याने बॅग उचलली आणि गेला. रोजच्या धंद्यातला हुशार, शहाणा माणूस, पण त्या घरांत वाढलेल्या कोणालाही यात काही वावगं वाटलं नसतं.

पुलाच्या सामन्यात त्याला जोरात काही लागलंच नाही. दुरून आलेला एक साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटून डोक्याला लागला. पोरं हसलीसुद्धा. कुलूप ढिलं झालं, असं कोणीतरी म्हणालं. तो दोन पावलं मागे सरकला, गोलच्या जाळीला धरायला गेला आणि जाळीसकट खाली बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बेकरीवाल्यांना विचारलं, याआधी डोक्याला काही लागलं होतं का. ते ठामपणे नाही म्हणाले. त्यांच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. तिनेही नाही म्हटलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी शिंपी गावाहून थेट तिथे आले. डॉक्टरांनी त्यांनाही तेच विचारलं. ते सुनेशेजारी बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "काल."

त्या बाकावर तिघं बसली होती. बेकरीवाले वळून बघत राहिले. "व्याही," ते म्हणाले, "एक शब्द बोलला असतात मला तर."

"आणि तुम्ही आज त्याला बोलावलंत ते मला कुठे बोललात?"

"बोलायचं नाही असं आपलं ठरलेलं."

"ठरलेलंच होतं."

ती दोघांच्या मधे होती.  मनातल्या मनात ती रोजची प्रार्थना म्हणत होती, पण मधेच एक ओळ गळायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

डोक्यातलं रक्त काढावं लागलं. तो वाचला. पहिल्या माराने मेंदू दुखावलेला असताना दुसरा बसला म्हणून असं झालं, डॉक्टरांनी समजावलं, दुसरा मार मोठा असावाच लागतो असं नाही. आणि निघताना तिला एकटीला दारात थांबवून सांगितलं, की आता यांच्या डोक्याला पुन्हा चेंडू लागता कामा नये. पुन्हा लागला तर आम्ही काही करू शकू असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तो घरी आला तेव्हा उजेड सहन होत नव्हता. पडदे ओढलेल्या खोलीत तो बसून असायचा. बोलताना एखादा शब्द हरवायचा, मग तो चिडायचा आणि सगळं वाक्यच सोडून द्यायचा. काचेच्या दुकानात पुन्हा जायला लागला तेव्हा मालकाने त्याला माप घ्यायला, पावत्या द्यायला बसवलं. एक दिवस त्याने हट्टाने कलम हातात घेतली. रेषा अर्ध्यावर आली आणि हात थांबला. त्याने कलम पुन्हा फिरवली. मालकाने ती फुटकी काच बाजूला ठेवली. हे तिला मालकाच्या बायकोने सांगितलं, त्याने नाही.

इतकं होऊनही एक गोष्ट त्याच्यात जशीच्या तशी राहिली होती. त्याला गोलमध्ये उभं राहायचं होतं. काच गेली, शब्द गेले, आता तेवढंच उरलंय असं त्याच्या बोलण्यावरून वाटे. घरामागच्या भिंतीवर तो चेंडू मारायचा आणि परत झेलायचा. स्वयंपाकघरात तिला तो आवाज ऐकू यायचा. आवाज थांबला की ती हातातलं टाकून दाराशी जायची.

नवा हंगाम जवळ आला तशी दोन्हीकडची माणसं विचारपूस करायला येऊ लागली. हातात फळं असायची. तब्येतीचं बोलून झालं की इकडचं तिकडचं करत विषय तिथेच यायचा. टेकडीचा वायरमन म्हणाला, फक्त उभा राहिलास तरी चालेल, आम्ही चेंडू तुझ्यापर्यंत येऊच देत नाही. पुलाचा कंडक्टर म्हणाला, डोक्याला ती मऊ टोपी मिळते आता, ती घालून खेळतात लोक. वाईट माणसं नव्हती ती. गोलकीपरशिवाय संघ उतरत नाही, आणि लागोपाठ तीन सामने उतरला नाही तर लीगमधून नाव कटतं. शिंपी सुनेसमोर डोळे वर करत नसत, पण तेही एक दिवस जेवताना म्हणाले, "सूनबाई, त्याचं मन रमेल थोडं. पहिला सामना पुलाशीच आहे. घरचीच माणसं. कोणी जोरात मारणार नाही."

बाहेर त्या वेळी भिंतीवर चेंडू आपटत होता.

त्या रात्री काही झालं नाही. ती नेहमीसारखी झोपली, नेहमीसारखी उठली, हात जोडून उभी राहिली. मागणं नेहमीचंच होतं, फक्त त्या दिवशी तिला वाटलं की मागून झालं, आता उठून करायला हवं. पुन्हा तोंडबंद आठवडा सुरू झाला होता. ती अंघोळ करून उतार उतरून बेकरीत गेली.

बेकरीवाले ट्रे बाहेर ओढत होते. ती पोत्यावर बसली आणि म्हणाली, बाबा, मी सांगते ते ऐकून घ्या. आणि तिने टेकडीचं एकेक दुखणं सांगायला सुरुवात केली. वायरमनचा गुडघा गेलाय, तो उन्हाळ्यापासून पट्टा बांधतो. पोस्टमनच्या खांद्यातून हात निखळतो. ज्या दोन भावांवर सगळी भिस्त होती ते गाव सोडून गेले, त्यांची कार्डं मामंजींच्या कपाटात तशीच आहेत. खेळू शकतील अशी धड माणसं सात आहेत, आणि त्यांतल्या एकाचा दमा वाढलाय.

बेकरीवाल्यांनी ट्रे खाली ठेवला. "हे तू मला का सांगतेस?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा ती काही चोरी करताना सापडली असा झाला होता. "पोरी, आज वार कोणता आहे?"

"मला माहीत आहे वार."

"सासरचं असं बोलू नये."

"न बोलून काय झालं ते घरी बसलंय, बाबा. पडदे ओढून."

 ती उठली आणि तशीच चढ चढून दुकानात गेली. शिंपी मशीनवर होते. त्यांना तिने पुलाचं सगळं सांगितलं. बेकरीवाल्यांना आता धावता येत नाही, कंडक्टरची शनिवार-रविवारची ड्यूटी बदलली की तोही नाही, न्हाव्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय आणि तो फक्त फोटोपुरता जर्सी घालतो. धड माणसं सहा. शिंप्यांनी मशीन थांबवलं नाही, पण सुई कापड सोडून नुसतीच खालीवर होत राहिली.

"म्हणजे त्यांच्याकडेही कोणी नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही मामंजी."

"मला वाटायचं त्यांचं बरं चाललंय."

"बाबांना तुमच्याबद्दल तेच वाटायचं."

शिंप्यांनी मशीन थांबवलं. मग चष्मा काढून म्हणाले, आणि आवाजात राग होता पण तो कोणावर हे त्यांनाही ठरवता येत नसावं, "इतकी वर्षं आम्ही एकमेकांना घाबरवण्यासाठी रिकामी पोती वाहत होतो तर."

ती तिथेच थांबली नाही. त्या दिवशी ती वायरमनच्या घरी गेली, पोस्टमनच्या, कंडक्टरच्या, न्हाव्याच्या. प्रत्येक घरी डॉक्टरांनी दारात सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तोपर्यंत कोणाला ते नीट माहीत नव्हतं. शिंप्यांनी टेकडीत सांगितलं होतं की थोडी विश्रांती लागेल, बेकरीवाल्यांनी पुलात तेच. कंडक्टरची बायको ऐकता ऐकता रडायला लागली. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, मी त्याला टोपी घाल म्हणालो हो." तिने त्याच्याकडे पाणी मागितलं, कारण त्याच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

सभा बेकरीत झाली. टेकडीवाले पहिल्यांदाच पोत्यांवर बसले आणि उठताना सगळे मागून पांढरे झाले. त्यावर कोणी विनोद केला नाही. नाव काय, रंग कोणता, मैदान कोणाचं यावर तासभर वाद झाला. वाद कसला, सवय होती ती. नाव टेकडीपूल ठरलं. शिंपी म्हणाले मी दोन्ही रंग शिवतो, आमचा लाल, तुमचा निळा. गोलमध्ये कंडक्टर उभा राहील असं ठरलं, उंच होता आणि आता त्याच्या जागी बॅक खेळायला टेकडीचा माणूस होता. दोन मोडकी घरं एक केल्यावर एका घरापुरती माणसं निघाली. ती दाराशी उभी होती. सगळं ठरल्यावर ती म्हणाली की माझी एक अट आहे, ह्यांचं नव्या क्लबचं कार्ड काढायचं नाही, राखीव म्हणूनसुद्धा नाही. कोणी हरकत घेतली नाही. शिंप्यांनी मान हलवली, बेकरीवाल्यांनी हलवली, आणि टेकडी व पूल हे क्लब तिथे संपले.

त्याला हे घरी शिंप्यांनी सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग तिला म्हणाला, "अट तू घातलीस?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो." तो एक शब्द शोधत राहिला आणि या वेळी त्याला तो सापडला. "मला शोकेसमध्ये ठेवलंस तू."

यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. जेवायला दे, चावी कुठे आहे, मी निघतो. भिंतीवरचा चेंडू बंद झाला. तिला वाटलं, हळूहळू होईल. सुटीच्या दिवशीही तो काचेच्या दुकानात जाऊन बसतो म्हणायचा, आणि तिने चौकशी केली नाही. माणसावर एकदा पाळत ठेवली की ती सुटत नाही, असं तिला वाटायचं, आणि तिला ते नको होतं.

टेकडीपूलचा पहिला सामना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामवाल्यांशी होता. लाल-निळ्या जर्सी घालून पोरं उतरली. शिंपी आणि बेकरीवाले एकाच बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून बसले होते. ती त्यांच्यामागे उभी होती. गोदामाचा संघ मैदानात आला, आणि सर्वांत शेवटी त्यांचा गोलकीपर आला. तो तिचा नवरा होता.

क्लब बंद झाल्याने त्याचं कार्ड मोकळं झालं होतं. तो स्वतः गोदामवाल्यांकडे गेला होता. त्यांना गोलकीपर हवाच होता, आणि त्यांनी विचारलं तेव्हा, गेल्या वर्षी जरा ताप येऊन गेला, एवढंच त्याने सांगितलं होतं. तोंडबंद राहायला तो लहानपणापासून शिकला होता.

शिंपी उठून रेफ्रीकडे धावले. रेफ्रीने कार्ड पाहिलं. नाव बरोबर, फोटो बरोबर, खेळाडू म्हणतो मी ठीक आहे. त्याने शिंप्यांना रेषेबाहेर जायला सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

थोड्याच वेळात वायरमनला चेंडू मिळाला. समोर कोणीच नव्हतं, फक्त गोल आणि कुलूप. वायरमनने पाय मागे घेतला आणि तो तसाच खाली आणून चेंडूवर टेकवला. उभा राहिला. कुलूप दोन पावलं पुढे येऊन, हात पसरून थांबला होता.

"मार," तो म्हणाला.

वायरमनने चेंडू मागे देऊन टाकला.

गोदामाची पोरं हसली, हे लोक खेळायला आलेत की फिरायला. पुन्हा तसंच झालं. कॉर्नर मिळाला तर टेकडीपूलचा एकही माणूस गोलजवळ गेला नाही, चेंडू हवेतून येऊन रिकाम्या जागेत पडला. पोस्टमनला मोकळी जागा मिळाली, तर त्याने चेंडू सरळ रेषेबाहेर घालवला. बघणारे आधी ओरडत होते, मग गप्प झाले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी कानात सांगितलं. मैदानभर ती गोष्ट पसरत गेली, आणि ती पसरताना त्याला दिसत होती.

खेळ चालू असतानाच त्याने चेंडू हातात घेतला, पेनल्टीच्या ठिपक्यावर आणून ठेवला आणि मागे जाऊन रेषेवर उभा राहिला. "या," तो म्हणाला. "कोणीही या." रेफ्री शिट्टी वाजवत त्याच्याकडे निघाला होता. कोणी पुढे आलं नाही. कंडक्टर लांबच्या गोलमध्ये पाठ करून उभा राहिला. बेकरीवाले आपल्या चपलांकडे बघत होते.

मग त्याने रेषेपलीकडे तिच्याकडे पाहिलं.

"सगळ्यांना सांगितलंस," तो म्हणाला. ओरडला नाही, पण मैदान इतकं शांत होतं की ऐकू आलं.

"हो," ती म्हणाली.

त्याने हातमोजे काढले, गोलच्या खांबापाशी ठेवले आणि मैदानाच्या कडेकडेने निघाला. बापाच्या आणि सासऱ्याच्या समोरून गेला. त्यांच्यापैकी एकानेही हात पुढे केला नाही, आणि केला असता तर त्याने धरला नसता. ती त्याच्यामागून चालू लागली. तो चालत राहिला. फाटकापाशी ऊन डोळ्यांत आलं तेव्हा त्याने हात कपाळावर धरला आणि क्षणभर थांबला, तीही मागे तेवढ्याच अंतरावर थांबली. मग दोघं रस्त्याला लागली.

गोदामाचा दुसरा एक माणूस ते हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला. खेळ पुन्हा सुरू झाला आणि वायरमनने लगेच गोल केला. टेकडीपूलचा तो पहिला गोल. कोणी ओरडलं नाही.